चाकाच्या आधीचे फोटो

इंद्रजित चौगल्याचं दोनदा मोडलेलं लग्न तिसऱ्या खेपेला एकदाचं लागलं, ते साल दोन हजार एकेचाळीस. मुलगी निपाणीकडची, श्रावणी. आधीच्या दोन्ही सोयरिकी एकाच शब्दावर मोडल्या होत्या. पोरगा टेंपररी. पहिल्या मुलीच्या मामानं तर सुपारी फुटायच्या आधीच विचारलं होतं, "आमची पोरगी काय रोजंदारीवर द्यायची?" आणि चहाला तोंड न लावता मंडळी उठून गेली होती.

इंद्रजित तालुक्याच्या सहकारी दूध संघात अमोनिया प्लँटवर कामाला होता. गावोगावचं दूध संघात येतं ते कोमट. ते लगेच गार केलं नाही तर नासतं. गार करायला बर्फासारखं पाणी लागतं, ते पाणी गार करायला अमोनिया लागतो, आणि अमोनियाच्या टाक्या-नळ्यांवर नजर ठेवायला माणूस लागतो. अमोनिया म्हणजे साधासुधा वायू नव्हे. थोडा सुटला तर डोळ्यांतून पाणी काढतो, जास्त सुटला तर छातीत शिरून आतलं सगळं जाळतो.

आईबाप लवकर गेलेले. इंद्रजितला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, वृषालीनं. तिनं स्वतःचं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोरगं आहे की पदरात." ती त्याच संघात प्रशिक्षण अधिकारी होती. नव्या माणसाला प्लँट शिकवायचा ही तिची नोकरी.

पूर्वी हे शिकवणं सोपं होतं. नवा माणूस जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली सहा महिने काढायचा. मिस्त्री त्याच्या हातावर आपला हात ठेवून व्हॉल्व्हचं चाक फिरवायला लावायचा, चुकला की टोमणा मारायचा, पुन्हा चुकला की आई काढायचा. माणूस तयार व्हायचा, पण त्याला पुरावा नव्हता. मग वरून फर्मान आलं की प्रशिक्षणाला पुरावा पाहिजे, आणि स्लाइडा आल्या. गार हॉलमध्ये जेवणानंतर माणसं बसवायची, भिंतीवर चाळीस-पन्नास स्लाइडा सरकवायच्या, शेवटी सही घ्यायची. दाखवलं म्हणजे शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे आलं, असा सगळा हिशेब. निम्मी माणसं घोरत असत. व्हॉल्व्ह कसा बंद करायचा हे व्हॉल्व्हपाशी न नेता सांगणारी ही तऱ्हा म्हणजे पंगतीत ताटाऐवजी ताटाचं चित्र वाढावं तशी. पण त्या चित्राला सगळ्यांनी मान डोलावली, कारण त्यात कुणाला घाम येत नव्हता.

मिस्त्री निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मिस्त्री नेमला नाही. "स्लाइडा आहेत की," असं म्हणाले.

मग पुण्याहून निनाद टिपणीस नावाचा माणूस छापेचं यंत्र घेऊन आला.

त्या यंत्रामागचं शास्त्र खरं होतं, त्यात खोट नव्हती. माणूस गाढ झोपला की मेंदू दिवसभर पाहिलेलं पुन्हा चाळतो. फार वेगानं, झुळकीझुळकीनं. चाळताना बरंचसं टाकून देतो आणि थोडं मुरवतो, दुधाला विरजण लावून झाकून ठेवावं तसं. शास्त्रज्ञांना दोन गोष्टी सापडल्या. ही झुळूक नेमकी केव्हा उठते ते डोक्याला पट्टी बांधून कळतं. आणि त्याच वेळी झोपलेल्याच्या नाकाला एखादा वास दिला, तर त्या वासाबरोबर पाहिलेलंच तेवढं मेंदू चाळायला घेतो. टिपणिसाच्या कंपनीनं ह्या दोन्हींचं यंत्र केलं. माणसानं जागेपणी अमोनियाचा अगदी बारीक वास घेत स्लाइडा पाहायच्या, मग आरामखुर्चीत झोपायचं. पट्टी झुळूक पकडणार, नळी तोच वास सोडणार, आणि स्लाइडा एकामागून एक मेंदूत ठोकल्या जाणार. तीन दुपारी अशी झोप काढली की छाप बसली. पुढं आयुष्यात केव्हाही तो वास आला की स्लाइडा आपोआप डोळ्यांपुढं उभ्या राहणार, लख्ख, जशाच्या तशा.

"विसरणं हा प्रश्नच मिटला," टिपणीस म्हणाला होता.

कामगार हसले. हॉलमध्ये झोपतच होतो, आता झोपेला यंत्र लावलं, इतकंच. पण छाप घेतलेल्यालाच परमनंट करायचं असा ठराव झाला, तेव्हा हसणं थांबलं. इंद्रजितनं लग्नाच्या दोन महिने आधी छाप घेतली, परमनंटचा कागद निपाणीला दाखवला, आणि अक्षता पडल्या.

छापेच्या स्लाइडा वृषालीनंच केल्या होत्या. गळती, व्हॉल्व्ह, ओलं फडकं, वाऱ्याची दिशा. नेमक्या आणि थोड्या. त्या मंजुरीसाठी संचालक मंडळापुढं गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याच स्लाइडा बसल्या होत्या. अध्यक्ष तात्यासाहेब दीपप्रज्वलन करताना. उपाध्यक्ष बाजीराव. मग एकेक संचालक, फेटा, शाल, नारळ, हसरा चेहरा. मग संघाचं ध्येय. मग 'आपण सारे एक कुटुंब'. आपल्याकडं कुठलंही काम सत्काराशिवाय सुरू होत नाही. विहिरीत पडलेल्याला काढायचं असलं तरी आधी दोराला हार घालतील. वृषालीला राग आला, पण तिनं तो गिळला. चार फोटोंनी काय बिघडतंय, असं तिला तेव्हा वाटलं.

काय बिघडतंय ते गोठ्यात कळलं.

लग्नानंतरचे दिवस. सकाळी इंद्रजित गोठ्यात शेण काढत होता. गोमूत्र साचून अमोनियासारखाच वास कोंडला होता. बांधलेलं वासरू उड्या मारता मारता स्वतःच्याच दाव्यात गुरफटलं आणि फास त्याच्या गळ्याला बसला. ते खाली पडून पाय झाडायला लागलं. इंद्रजित दोन हातांच्या अंतरावर उभा होता, खोरं घेऊन, आणि तो हललाच नाही. श्रावणी दारातून किंचाळली. वृषाली विळा घेऊन धावली आणि तिनं दावं कापलं.

"झोपलास व्हय रे उभ्या उभ्या?" ती ओरडली. "डोळ्यांदेखत मेलं असतं की!"

इंद्रजितनं डोळे मिचकावले. "वास आला, आक्का. मग संचालक सुरू झाले."

"काय सुरू झाले?"

"फोटो. ते संपल्याबिगर पुढचं दिसतच नाही. वासरू दिसत होतं, पण मागं. एसटीच्या काचेवर जाहिरात चिकटवतात, आणि तिच्यातून रस्ता दिसतो बघ, तसं."

श्रावणी हसली. "चांगलं आहे. मला सोडून सगळे दिसतात ह्यांना."

वृषाली हसली नाही. तिनं त्याच दिवशी टिपणिसाला फोन लावला आणि विचारलं, मधलीच एक स्लाइड आठवता येते का? तो थोडा अडखळला. मग म्हणाला, नाही, ती साखळी असते. पाढा असतो तसा. शाळेतल्या पोराला मध्येच सतरा साते विचारलं तर ते सतरा एके सतरापासून ओठ हलवत निघतं, तसा मेंदू पहिल्या स्लाइडपासून निघतो. आणि एकदा निघाला की वाटेत थांबत नाही.

"मग व्हॉल्व्हचं चाक कधी येणार?"

"येईल की, मॅडम. आपल्या क्रमाप्रमाणे येईल. क्रम तुमच्याकडूनच मंजूर झालाय."

वृषालीनं अर्ज-विनंत्या करून मंडळाच्या बैठकीत वेळ मागून घेतला. इंद्रजितला बरोबर नेलं. लांबलचक टेबल, काजूची ताटली, भिंतीवर माजी अध्यक्षांची रांग. तिनं खिशातून अमोनियाची लहान बाटली काढली, झाकण उघडून भावाच्या नाकाशी धरली आणि विचारलं, "गळती झाली आहे. पहिल्यांदा काय करशील?"

इंद्रजित समोर बघत उभा राहिला. बघतच राहिला. शिपायानं चहा दिला, कुणीतरी फुरका मारला, कुणी खाकरलं.

"बोल की रे पोरा," तात्यासाहेब म्हणाले.

चहा निवायला लागला तेव्हा त्याच्या तोंडून आलं, "मुख्य व्हॉल्व्हचं चाक उजवीकडं, घट्ट होईपर्यंत. नाकाला ओलं फडकं."

"एवढ्या वेळात माणूस मरतो, तात्यासाहेब," वृषाली म्हणाली.

हंबीरराव नावाचे संचालक पुढं झुकले. "एवढा वेळ तू बघत काय होतास, बाळ?"

"तुम्हांलाच, साहेब. सगळ्यांना."

टेबलावर हशा पिकला.

"मी दिसतो?"

"दिसता की. गुलाबी फेट्यात."

"वा! कितवा?"

"नववा."

हंबीररावांचं हसू उतरलं. "नववा? आणि हा बाजीराव?"

"दुसरे."

"का म्हणून? मतं कुणाला जास्त पडली गेल्या इलेक्शनात? सांगा की, तात्यासाहेब. मी काय उष्ट्या पत्रावळी उचलायला आहे का इथं?"

"उपाध्यक्ष मी आहे," बाजीराव म्हणाले. "पद बघून क्रम लागतो. अक्कल बघून लागला असता तर तुमचा नंबर आलाच नसता."

"तोंड सांभाळ!"

"आणि माझा फोटोच नाही," आतापर्यंत गप्प बसलेल्या शोभाताई म्हणाल्या. "महिला राखीव म्हणून घेतलं, आणि फोटोला विसरले. पोरा, मी दिसले का रे तुला?"

"नाही, ताई."

"बघा!"

"फोटो काढून टाका!" वृषालीचा आवाज चढला. "सगळे काढा. पहिली स्लाइड चाकाची घ्या. हात जोडते. हा माझा भाऊ आहे, उद्या प्लँटवर उभा राहणार आहे. त्याच्या आणि चाकाच्या मध्ये तुम्ही सगळे उभे आहात!"

तात्यासाहेब शांत माणूस. त्यांनी काजू तोंडात टाकला. "ताई, भाऊ तुमचा, तसा आमचाही. पण संघ काय आपोआप उभा राहिला? ज्यांनी उभा केला त्यांची ओळख नको माणसाला? घरात कार्य असलं तर आधी मानाची पानं वाढतात, मग बाकीची पंगत. गळती काय रोज होते? मान मात्र रोजचा आहे."

ठराव झाला. फोटो मतांच्या क्रमानं लावावेत. शोभाताईंचा फोटो घ्यावा. सर्व कामगारांना सुधारित छाप द्यावी. कोपऱ्यात बसलेल्या टिपणिसाला कुणीतरी सहज विचारलं, जुनी छाप पुसली जाईल ना?

"पुसता येत नाही," टिपणीस म्हणाला. "नवी तिच्यापुढं बसते."

"बसू दे की मग," हंबीरराव म्हणाले.

दिवाळीनंतर सुधारित छाप झाली. आता वास आला की इंद्रजितला सगळे संचालक दोनदा भेटत. आधी मतांप्रमाणे, मग पदाप्रमाणे. दोन्ही दिंड्या पुढून गेल्या की मग चाक. नव्या छापेतलं चाकाचं चित्रही शेवटच्या घडीला गाळलं होतं. जुन्या छापेत आहेच, मग दोनदा कशाला, असं म्हणाले.

वृषाली त्याच्या हातापाया पडली. "बटरच्या सेक्शनला जा. खोकी भर. दुधाच्या गाडीवर क्लीनर हो. पण तिथून नीघ."

"छापवाल्याला खोक्यावर लावत नाहीत, आक्का. प्लँट सोडला की परमनंट गेलं."

"गेलं तर गेलं!"

"तुला काय जातंय म्हणायला? दोन सोयरिकी मोडल्या तेव्हा गावात मान खाली घालून मी हिंडलो. सासऱ्याला काय सांगू? फोटो दिसतात म्हणून नोकरी सोडली?"

"मी काय परमनंटशी लग्न केलेलं नाही," आतून श्रावणी म्हणाली.

"तू गप. तुझ्या बापानं केलंय."

श्रावणी परातीत पीठ तसंच टाकून उठून गेली. वृषाली मनातून चिडली होती, भावावर, संचालकांवर, आणि ज्या भिंतीवर पहिली स्लाइड पडली त्या भिंतीवरही. रोज सकाळी ती त्याला प्लँटमध्ये नेऊन त्याच्या हातावर आपला हात ठेवून चाक फिरवायला लावायची, जुन्या मिस्त्रीसारखं. वास नसताना त्याचा हात सरळ चाकावर जायचा. टाळी वाजवली की गेलाच. हाताला सगळं ठाऊक होतं. पण वास आला की हातापर्यंत जायची वाटच फोटो अडवून धरायचे, आणि तिथं तिच्या हाताचं काही चालत नव्हतं.

मार्चात उन्हं तापली, दूध जास्त कोमट यायला लागलं, प्लँटवर ताण आला. त्या दिवशी सकाळी ठेक्यावरचा कामगार मुबारक टाकीच्या तळाशी साचलेलं तेल काढत होता. तेलाची तोटी उघडली ती कचरा अडकून बंदच होईना. तेल संपलं आणि मागून पांढरा फवारा सुटला. मुबारक डोळे धरून बाहेर धावला. "इंदर, चाक! चाक फिरव रे!" एवढंच तो ओरडू शकला.

इंद्रजित चाकापासून हातभर अंतरावर होता.

वास आला.

तात्यासाहेबांनी समई पेटवली. त्यांच्यामागं पांढरं धुकं जमिनीवरून सरकत होतं, इंद्रजितला ते दिसत होतं. डोळे चुरचुरत होते, घशात सुऱ्या चालत होत्या. हंबीरराव आले, गुलाबी फेट्यात, आता दुसऱ्या क्रमांकावर. चाक लाल होतं, हंबीररावांच्या खांद्याआड. हात उचलायचा एवढंच होतं. पण हात उचलायची स्लाइड अजून आली नव्हती. बाजीराव. शाल, नारळ. मग एकेक. शोभाताई हसल्या. ध्येय आलं. कुटुंब आलं. आणि पुन्हा तात्यासाहेबांनी समई पेटवली.

"इंदर! फिरव!" आक्काचा आवाज होता तो. मुबारकची आरोळी ऐकून ती ऑफिसातून धावत आली होती, ओढणी भिजवून तोंडाला गुंडाळून. त्याला म्हणायचं होतं, आलोच आक्का, एवढे संचालक होऊ देत. तोंडातून नुसता खोकला आला.

तिनं त्याला छातीवर दोन्ही हात देऊन ढकललं. तो दारातून मागं कोलमडला, पायरीवरून बाहेर पडला. माणसांनी त्याला ओढत हिरवळीवर नेलं. आत वृषालीनं चाक धरलं. दाबाखाली ते जड झालं होतं. ओढणी सुटली, पण ती बांधायला तिनं चाकावरचा हात काढला नाही. चाक बसलं. फवारा थांबला. ती दोन पावलं दाराकडं आली आणि उंबऱ्यावर पडली.

हिरवळीवर पडलेल्या इंद्रजितला त्याच वेळी चाकाची स्लाइड आली. त्याचा उजवा हात वर उठला आणि हवेत फिरायला लागला, उजवीकडं, घट्ट होईपर्यंत. भोवतीच्या माणसांना वाटलं, तो काहीतरी मागतोय. कुणी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दवाखान्यात तो वाचला. त्याची छाती जन्माची अधू झाली, पण वाचला. दुपारी त्याला धरून बहिणीजवळ नेलं. तिला पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं, चेहरा उघडा. श्रावणी म्हणाली, "या, बघून घ्या आक्कांना." तो वाकला. तिच्या केसांना अजून वास होता.

तात्यासाहेबांनी समई पेटवली.

तो वाकलेलाच राहिला. लोकांना वाटलं, दुःखानं दगड झाला. त्यानं मान हलवली, डोळे चोळले, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. फेटे जात राहिले. "बाजूला व्हा," तो पुटपुटत होता, "व्हा की रे बाजूला." जवळच्या बायकांना वाटलं, आपल्याला म्हणतोय, म्हणून त्या मागं सरकल्या. सगळे जाईपर्यंत वॉर्डबॉयनं चादर ओढून घेतली होती आणि गाडी ढकलत नेली होती.

चौकशी झाली. टिपणिसानं मोजणी करून लेखी दिलं की कामगार इंद्रजित चौगले ह्याला गळतीच्या प्रसंगी सर्व स्लाइडा अचूक आणि योग्य क्रमानं आठवल्या, म्हणजे प्रशिक्षण यशस्वी. मृत्यूचं कारण लिहिलं, धोक्याच्या जागी अप्रशिक्षित व्यक्तीचा प्रवेश. कारण शिकवणाऱ्यानं छाप घ्यावी असा नियम कुणी केलाच नव्हता, आणि तिनं ती घेतली नव्हती. मंडळानं अहवाल एकमतानं मंजूर केला. इंद्रजितनं दुसऱ्या दिवशी परमनंटचा कागद तात्यासाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तो घरी आला. सासऱ्यानं फोनवर शिव्या घातल्या. फोन श्रावणीनं घेतला आणि बापाला सांगितलं, पुन्हा ह्या नंबरावर फोन करू नका. गुरं त्यांनी विकली, कारण गोठ्यात त्याला जाता येत नव्हतं.

मुबारकचा एक डोळा गेला. बाकी कुणाला इजा झाली नाही. वृषाली ज्ञानदेव चौगले बारा मार्च दोन हजार बेचाळीस रोजी, बुधवारी, दुपार व्हायच्या आत वारली.